धामणदरीचा एक एकर

१८ नोव्हेंबर १९५७

पोचले एकदाची! अकोल्याहून मोटारीने वाशिमकडचं मालेगाव, तिथून दुसऱ्या मोटारीने किन्हीराजा आणि पुढे साडेतीन मैल बैलगाडी. गाडीत माझ्या ट्रंकेपेक्षा पानं दाबायच्या फळ्या, टीपकागदाचे गठ्ठे आणि झाडांना ठोकायचे पत्र्याचे बिल्ले यांचाच पसारा जास्त. गाडीवानाला वाटलं, मी रुखवत घेऊन सासरी निघाले आहे. मी म्हटलं, तसंच समजा. खरंच तसं वाटत होतं.

एम. एस्सी. होऊन चार वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेतल्या काचा पुसल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी मला माझं स्वतःचं जंगल मिळालं आहे. धामणदरीचं जंगल. त्यात माझ्या कॉलेजातल्या हरकरे सरांनी १९४९ साली आखलेला एक एकराचा चौकोन आहे. त्यातलं एकूण एक झाड, खाली पडणारं पान आणि त्या पानाची होणारी माती, या सगळ्याचा दोन वर्षं अभ्यास करायचा. शिवाय दर शनिवारी आसपासच्या मुलांना जंगल शिकवायचं. हे दुसरं काम मी हट्टाने मागून घेतलं. सर म्हणाले होते, यमुना, तू झाडांपेक्षा माणसांतच जास्त रमशील.

राहायला जंगलखात्याची जुनी चौकी आहे. दोन खोल्या, शेणाने सारवलेली जमीन, पुढे पडवी. स्वयंपाकाला आणि पाण्याला जवळच्या तांड्यावरच्या गोमतीबाई आहेत. पन्नाशीच्या असतील. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण आणि बोलणं असं की समोरच्याने गुपचूप ऐकावं. मी एकटी आले हे पाहून त्यांनी गाडीमागे डोकावून पाहिलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. मग तोंडाला पदर लावून म्हणाल्या, आता बाईमाणूस धाडलं का!

२२ नोव्हेंबर

चौकोन पाहिला. चौकीपासून दोन फर्लांगांवर, दरीच्या तोंडाशी. साग, धावडा, सालई, तेंदू, मधूनमधून बेहडा. बाहेरचं जंगल सरपणासाठी ओरबाडलेलं, गुरांनी तुडवलेलं. आतलं मात्र दाट. पायाखाली वीतभर मऊ काळी माती. वऱ्हाडातल्या मुरमाड टेकडीवर अशी माती असू शकते यावर नागपूरला कोणी विश्वास ठेवणार नाही. सरांचं नाव ज्या निबंधांनी झालं, ते सगळे या मातीवरचेच.

सरांचा इथला एकच कडक नियम आहे. चौकोनात चपला, बूट काही घालायचं नाही. टाचांनी मातीचे थर दबतात आणि मोजमाप बिघडतं. मी चपला बाहेर काढून आत पाऊल ठेवलं आणि खरं सांगते, आईच्या मांडीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर गोमतीबाईंनी माझे मातीचे पाय पाहिले नि पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, "बाई, तिथं अनवानी जाऊ नोका. आमची बकरी बी तिथं पाय टाकत नाही." आधी तीन साहेब येऊन गेले, येताना सगळ्यांनी पाहिले, जाताना कोणीच नाही, असं त्यांचं म्हणणं. तांड्याचे नाईक धरमसिंग यांनी तेव्हा पोलीस पाटलाकडे वर्दीही दिली होती. पण हरकरे साहेबांनी येऊन सांगितलं की माणसं दुसऱ्या वाटेने नोकरीवर गेली, आणि विषय मिटला.

मी हसले. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की तांड्याच्या लोकांना तिथे गुरं चारायची आहेत, म्हणून ते भुताखेताच्या गोष्टी सांगतील. गोमतीबाई तांब्या उचलून चुलीकडे गेल्या. भाकरी मात्र फार छान करतात.

१ डिसेंबर

आज उभी राहून नाचावंसं वाटतंय!

पहिली मोजणी पूर्ण झाली. एकशे अठ्ठेचाळीस झाडं. चौकीच्या खोलीत एक गंजकी पेटी आहे, तिच्या तळाशी सरांची १९४९ सालची मूळ यादी सापडली. तीत एकशे पंचेचाळीस. म्हणजे आठ वर्षांत तीन वाढली. ती तीन कोणती हे शोधायला गेले, तर ती मला ओळखताच येईनात! तिन्ही एकाच जातीची. गुळगुळीत राखी खोड, तळहाताएवढं जाड पान, भर दुपारी हात लावला तरी गार. फूल नाही, फळ नाही, बुडाशी एक रोपटं नाही. तीस-तीस इंच घेराची झाडं आठ वर्षांत कशी उभी राहतील? मधल्या झाडाचं पान चुरगळलं तर लवंगेचा वास येतो. लवंगेच्या कुळातलं असेल का?

माझ्याकडची सगळी पुस्तकं चाळली. कशातच नाही. नवी जात! कोणी कधी न नोंदलेली! सरांना लगेच चार पानी पत्र लिहिलं. जातीला त्यांचंच नाव द्यावं असंही सुचवलं. मी कोण आहे त्यांच्याविना? बाबा गेल्यावर आईने माझं शिक्षण थांबवून स्थळं पाहायला घेतली, तेव्हा सर आमच्या घरी येऊन चटईवर बसले होते. ही मुलगी मला द्या, मी तिला घडवतो, असं म्हणाले होते.

गोमतीबाईंना विचारलं, तुमच्याकडे या झाडाला काय म्हणतात? म्हणाल्या, त्याईले आमी नाव नाही ठेवलं. का, ते सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

शनिवारची चौथी शाळा. किन्हीराजाच्या शाळेतली सात मुलं आणि तांड्यावरची चार. दोन घमेली घेतली. एकात उघडी माती, दुसऱ्यात पानांनी झाकलेली. दोन्हींवर झारीने पाणी घातलं. एकातून गढूळ पाणी निघालं, दुसऱ्यातून स्वच्छ. मुलांचे डोळे! गोमतीबाईंची नऊ वर्षांची नात भुरी म्हणाली, "म्हंजे पानं मातीचं पांघरून हायेत." एम. एस्सी.च्या वर्गात मी याहून चांगलं वाक्य ऐकलेलं नाही. मग वणवा किती वाईट, गवत पेटवल्याने काय काय मरतं, ते सांगितलं. सगळ्यांनी हात वर करून कधीच आग लावणार नाही म्हणून शपथ घेतली.

शेवटी त्यांना चौकोनात नेलं. अनवाणी उभं केलं, डोळे मिटायला लावले, तळव्यांना माती काय सांगते ते ऐका म्हटलं. सरांनी मला असंच शिकवलं होतं. बाकीची पाच मिनिटांत चुळबुळ करू लागली. भुरी अर्धा तास उभी राहिली. म्हणाली, बाई, खालून कोनीतरी पाय चाटते.

पोरांची कल्पनाशक्ती!

संध्याकाळी गोमतीबाई आल्या नाहीत. भाकरी धरमसिंग नाईकांच्या सुनेबरोबर पाठवली.

२ जानेवारी १९५८

सरांचं उत्तर आलं. अभिनंदन केलं आहे. नव्या जातीबद्दल इतक्यात कुठेही वाच्यता करू नकोस, पानं कोणाला पाठवू नकोस, एप्रिलमध्ये मी स्वतः येतो, असं लिहिलं आहे. सावधपणा शिकावा तर सरांकडून. पत्राच्या शेवटी विचारलं आहे की नियम पाळतेस ना?

पाळते. रोज चार तास.

गोमतीबाई परत येऊ लागल्या आहेत, पण भुरीला शनिवारी पाठवत नाहीत. मला वाईट वाटलं. मी चिडून थोडं बोललेही. अडाणीपणा हा शब्द वापरला. वापरायला नको होता.

१६ जानेवारी

परवा संक्रांतीचा तिळगूळ वाटायला तांड्यावर गेले, तेव्हा प्रथम लक्षात आलं. बाभळीचा काटा टाचेत आरपार गेला होता आणि मला कळलंच नाही. गोमतीबाईंनी दाखवला. काढला तेव्हा रक्त आलं नाही. पाण्यासारखं काहीतरी आलं.

तळवे बधिर झालेत. थंडीने असेल.

२९ जानेवारी

तळव्यांना बारीक पांढरी लव आली आहे. भिंगाखाली पाहिली. बुरशीच्या धाग्यांसारखी दिसते, पण बुरशी नाही. प्रत्येक धाग्याच्या टोकाला टोपी आहे, कोवळ्या मुळाला असते तशी. चिमट्याने एक ओढला. ती कळ थेट मांडीपर्यंत गेली.

चौकीत असले की पाय जळतात. चौकोनात उभी राहिले की पाच मिनिटांत थांबतात. जेवण नकोसं झालंय, तहान मात्र भागत नाही. गोमतीबाई म्हणतात, वाशिमच्या दवाखान्यात चला, मी संगं येतो. मी सगळं तपशीलवार सरांना कळवलं आहे. ते सांगतील तसं करीन.

१३ फेब्रुवारी

सरांचं पत्र. डॉक्टरकडे जाऊ नकोस, त्यांना यातलं कळणार नाही, उगाच कापाकापी करतील. घाबरू नकोस. लवेची लांबी रोज मोजून लिहून ठेव. हे तुझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम ठरेल. मी आहे.

शेवटचे दोन शब्द मी कितीदा वाचले. रडू आलं. बरं वाटलं.

लांबी आज पाऊण इंच.

२३ फेब्रुवारी

पळस फुललाय. सागाची पानं गळून खाली खच पडलाय. त्या उघड्या रानात ही तीन झाडं तेवढी हिरवीगार.

आज त्यांचं वय काढायचं ठरवलं. बारीक गिरमिट खोडाच्या गाभ्यापर्यंत फिरवत न्यायचं आणि आतून लाकडाची पेन्सिलीएवढी कांडी काढायची. तिच्यावरची वर्तुळं मोजली की वर्षं कळतात. फार तर आठ निघायला हवीत.

मधल्या झाडाची सव्वीस निघाली. दुसऱ्याची चोवीस. तिसऱ्याची एकतीस. तीनतीनदा मोजली.

गिरमिट बाहेर काढताना मधल्या झाडाचं खोड शहारलं. वारा नव्हता. भोकातून पाणी आलं आणि त्या पाण्याला लवंगेचा इतका दाट वास होता, की मला एकदम कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. तिथले उमाळे आठवले. शंकर उमाळे. मला दोन वर्षं सीनियर. मला पानांच्या शिरा ओळखायला त्यांनी शिकवलं. सदानकदा तोंडात लवंग असायची. १९५३ साली सरांनी त्यांना संशोधनाला कुठेतरी पाठवलं आणि नंतर सर म्हणाले, उमाळे आफ्रिकेत नोकरीला गेले.

तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

नाही. दमले आहे मी. उद्या पुन्हा मोजीन.

२४ फेब्रुवारी

सव्वीस.

गोमतीबाईंना विचारलं. १९५३ साली आलेल्या साहेबाचं नाव काय होतं? नाव ठाऊक नाही म्हणाल्या. पण लवंग चघळायचा. चांगला होता. भुरीच्या आईला त्यानेच बाराखडी शिकवली.

मग मी विचारलं, त्या झाडांना तुम्ही नाव का नाही ठेवलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मानसाले पयलेच नाव रायते, बाई. झाडाचं कायले ठेवाव?"

आणि जाताना, "आमी सांगलं होतं. तुमी हासल्या."

२६ फेब्रुवारी

सरांना काही कळलं नसेल. त्यांना माहीत असतं तर त्यांनी मला पाठवलंच नसतं. त्यांनाही कोणी फसवलं असेल. मी त्यांना सगळं कळवलं आहे, ताबडतोब या असं लिहिलं आहे.

१० मार्च

उत्तर नाही.

गोमतीबाईंनी भुरीला आणून दाखवलं. तिच्या डाव्या तळव्यावर लव आहे. अजून बारीक, केसाएवढी.

मी तिला तिथे उभं केलं होतं. मी.

१५ मार्च

माधवचं पत्र आलं. माझ्या भावाचं. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे मला पुन्हा वाटणार नाही की मी चुकीचं वाचलं.

"ताई, आम्हाला न भेटताच बोटीत बसलीस याचं आईला फार वाईट वाटलं. पण हरकरे सर स्वतः पेढे घेऊन आले आणि शिष्यवृत्तीचं सगळं समजावून सांगितलं. इतक्या घाईत निघावं लागलं त्याला तू तरी काय करणार? पाच वर्षं म्हणजे फार झाली, पण सर म्हणाले की तिकडून पत्रं उशिरा येतात, काळजी करू नका. हे पत्र तुझ्या जुन्या पत्त्यावर टाकतो आहे, मागे राहिलेल्या सामानाबरोबर तुला पोचतं केलं जाईल अशी आशा आहे."

माधवने तारीख घातली आहे, ९ मार्च. मी बोलावणं धाडलं २६ फेब्रुवारीला. माझं पत्र मिळाल्यावर सर इकडे यायला निघाले नाहीत. माझ्या आईकडे गेले. पेढे घेऊन.

तिच्यासमोर त्याच चटईवर बसले असतील.

१७ मार्च

पळून जायला निघाले. धरमसिंग नाईकांनी गाडी जुंपली. अर्ध्या मैलावर पाय पेटले. खरंच निखाऱ्यात घातल्यासारखे. मी गाडीतून खाली उडी घेतली आणि मातीत तळवे खुपसायला लागले, पण ती माती नव्हती चालत. गुराढोरासारखी ओरडत होते म्हणे. शुद्ध गेली. त्यांनी उचलून परत आणलं आणि चौकोनाच्या कडेला ठेवलं. गोमतीबाईंना तिथे ठेवायचं नव्हतं. मीच मागितलं.

पाय आत टाकल्याबरोबर झोप लागली. बाळासारखी.

२० मार्च

आई-माधवला लिहिलेलं पत्र धरमसिंग नाईकांनी स्वतः मालेगावच्या डाकेत टाकलं. पोचलं तरी माधव काय करील? सरांचा शब्द एका बाजूला आणि माझा हा कागद दुसऱ्या. सर म्हणतील, जंगलात राहून मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला होता.

मी गोमतीबाईंबद्दल असंच काहीतरी म्हटलं होतं.

२४ मार्च

रडून झालं. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. प्रयोग करायचा.

चौकोनातली माती तव्यावर चांगली भाजली, लाल होईपर्यंत. निवली तेव्हा त्यात पाय ठेवला. धाग्यांची टोकं काळी पडली, पीळ बसल्यासारखी आखडली. दीड तास पायांत आग नव्हती, ओढ नव्हती. मग तळाकडून नवे फुटले.

भुरीचा पाय भाजलेल्या मातीत सकाळ-संध्याकाळ ठेवला. दोन दिवसांत तिची लव निम्मी झडली. पण गोमतीबाईंनी नीट पाहिलं आणि मला दाखवलं. जी उरली आहे ती सगळी चौकोनाच्या दिशेला वळलेली आहे. तिला कसंही बसवा, फिरवा, ती तिकडेच वळते.

तिथलं मूळ जिवंत आहे तोवर हिची सुटका नाही. मुळासकट भाजायला हवं.

बाकीच्या दहा मुलांचे पाय पाहिले. दोघांना थोडी आहे.

६ एप्रिल

घरात राहवत नाही आता. दिवसभर इथेच, चौकोनात. गोमतीबाईंनी पाण्याचा माठ ठेवला आहे. पोटऱ्यांची कातडी राखी, उभ्या रेघांची. ऊन अंगावर आलं की भूक भागते.

वाईट वाटत नाही याचंच वाईट वाटतं.

१० एप्रिल

डावा पाय उचलत नाही. लिहायला हात आहे. मान वळते.

उमाळ्यांच्या झाडापासून सात हात.

कधी कधी ते शहारतं. मी हाक मारते. उमाळेजी, म्हणते. पान हलतं. वारा नसतो.

१४ एप्रिल

सर आले.

पांढरा शर्ट, हातात वही. चौकोनाच्या बाहेर उभे राहिले, बूट घालून. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते पाणी, तेच सहन होत नाही.

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? हो म्हणाले. पहिल्यापासून? पहिला अपघात होता म्हणाले. पण त्या वर्षी चौकोनातली माती चार अंगुळं वाढली. दरीतला आटलेला झरा मार्गशीर्षापर्यंत वाहिला. मग दुसरा, मग तिसरा. ते म्हणाले, सगळे डोंगर उघडे पडताहेत, यमुना. तू शंभर शाळा घेशील आणि एक टेकडी वाचणार नाही. इथे तीन माणसांत एक जंगल उभं आहे. तुला पटेल म्हणून तुला निवडलं. तू माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी.

मी म्हटलं, मग तुम्ही का नाही काढले बूट?

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं.

जाताना सहज विचारल्यासारखं विचारलं. मुलांनाही अनवाणी आणलं होतंस असं तुझ्या पत्रात होतं. किती होती? वयं काय?

१५ एप्रिल

ते किन्हीराजाच्या शाळेत गेले होते. गोमतीबाईंनी सांगितलं. मास्तरांना म्हणाले, बाई परदेशी गेल्या, शनिवारची शाळा आता मी घेईन. येत्या शनिवारी सगळ्या मुलांना पाठवा. खाऊ देणार आहेत. सगळ्या.

१६ एप्रिल

गोमतीबाईंना सांगितलं. पेटवा.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "तुमी हायेत ना आतमंदी!"

मी म्हटलं, शनिवारी सकाळी, मुलं येण्याआधी. वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा दरीच्या तोंडाकडून लावा. पानांचा खच आहे, भराभर जाईल. बाहेरून आठ हात पट्टा झाडून घ्या, म्हणजे रान पेटणार नाही. मुळं खोल आहेत, दोन दिवस धुमसू द्या. पाणी घालू नका. कोणी म्हटलं तरी घालू नका.

मी आयुष्यभर उलटं शिकवत आले.

गोमतीबाईंनी माझ्या हाताला हात लावला. मला लागला की नाही कळलं नाही. मी त्यांची माफी मागितली. म्हणाल्या, "मी येतो, बाई. मीच येतो. दुसऱ्या कोनाले लावू देत नाही."

१८ एप्रिल

बोटं जाड— पेन्सिल नीट धरवत नाही.

सर आले होते. घेर मोजायची फीत टाकली माझ्याभोवती, काठीने, लांबून. आकडा मोठ्याने म्हणाले. शाबासकी दिल्यासारखं.

आज त्यांचा राग आला नाही. का नाही आला? यायला हवा. ते आले तर बरं वाटलं— खालून कोणीतरी बरं वाटायला लावत होतं—

विसरू नये म्हणून लिहिते. पेढे. आई. भुरीचा पाय.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळ. सर वाटेकडे गेलेत, मुलांना आणायला.

गोमतीबाई दिसल्या. धरमसिंग मागे. पट्टा झाडताहेत. नीट झाडताहेत, आठ हात—

धूर. दरीच्या तोंडाकडून. पानं तडतडतात.

उमाळ्यांचं झाड— सगळी पानं एकदम वर— किंचाळतंय का—

हाक ऐकू आली. सर, सर, आग, असं कोणीतरी—

मी. मीच मारली. मला नव्हती मारायची. तोंड उघडतं आपोआप, मी पेन्सिल दातांत धरली तरी—

सर धावत येताहेत. मुलं नाहीत बरोबर. देवा, मुलं नाहीत. आत आले. फांदीने आग झोडपताहेत. बूट एक निसटला—

गोमतीबाई थांबली. माझ्याकडे बघते. रडते. हातातला पलिता खाली—

थांबू नको, गोमतीबाई! लाव. मी काहीही ओरडले तरी लाव. वाचव म्हणेन, पाणी म्हणेन, तुझं नाव घेईन, ऐकू नको. जे ओरडतंय ते मी—